नागाची अंडी आणि पेटीतली ऊब

पुढे सरका थोडे, मागे ऐकू जाणार नाही. आज मी फक्त ऊब कशी द्यायची एवढंच बोलणार आहे, कारण नागाची अंडी आपण वाचवायला म्हणून आणतो आणि ती आपल्याच पेटीत उकडून मरतात, हे मला बघवत नाही.

आधी एक, अंडी जिथे सुरक्षित आहेत तिथून हलवायचीच नाहीत. पाया खणताना फुटणारच असतील तरच, तेही वनविभागाला विचारून, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग संरक्षित आहे. उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि तीच बाजू शेवटपर्यंत वर ठेवा, कोंबडीच्या अंड्यासारखं फिरवलं की आतलं पिल्लू दगावतं.

माझी पहिली पेटी बल्बची होती. थर्माकोलचा बॉक्स, वर ४० वॅटचा बल्ब, थर्मामीटर बरोबर २९ दाखवायचा, मी खूश. पण थर्मामीटर कोपऱ्यात होता आणि अंडी बल्बखाली, आठ दिवसात मधली चार सुरकुतून गेली, अजून डोळ्यासमोर आहेत. शिवाय तापलेला बल्ब थर्माकोलला टेकला तर ते वितळतं, पेटतंसुद्धा. बल्ब नकोच.

पाण्याने ऊब द्या. बॉक्सच्या तळाला चार बोटं पाणी, त्यात फिशटँकचा हीटर आडवा आणि पूर्ण बुडलेला, पाण्यात विटा, विटांवर अंड्यांचा डबा. पाणी हळू तापतं, हळू निवतं, त्यामुळे कोपरा आणि मध्य यात फार फरक पडत नाही आणि लाईट गेली तरी काही तास निभतं. झाकण जरा तिरकं ठेवा, नाहीतर वाफेचे थेंब थेट अंड्यांवर पडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हीटर आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट लावायचा, आणि त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, पाण्यात नाही, अंड्यांच्या शेजारी, त्यांच्याच उंचीवर, आणि तो २९ ला लावा. पण या स्वस्त थर्मोस्टॅटचा रिले, म्हणजे आतला चालू-बंदचा स्विच, कधी चिकटतो आणि हीटर चालूच राहतो, बंद पेटीत २५ वॅटसुद्धा अंडी उकडायला पुरतात बरं का! म्हणून हीटरचा स्वतःचा डायल असतो तो ३२ वर ठेवा, एक फसला तर दुसरा तोडेल. पाणी रोज बघा, काचेचा हीटर कोरडा पडला की तडकतो. वायर प्लगच्या आधी खाली झोळ देऊन न्या म्हणजे थेंब बोर्डात जाणार नाही, घरात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारी कळ, नसेल तर आधी ती बसवून घ्या, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा म्हणजे काढायचाच.

अंडी ठेवण्याआधी चार दिवस पेटी रिकामी चालवा, चारही कोपऱ्यात थर्मामीटर ठेवून. एका अंशापेक्षा जास्त फरक आला तर डबा सरकवा, परत बघा. नागाची पिल्लं यायला पन्नास ते सत्तर दिवस लागतात, त्यात हे चार दिवस काहीच नाहीत.

आणि विदर्भातून आलेल्यांसाठी, मे महिन्यात तुमची खोलीच ३६-३७ असते, तिथे हीटर लावूच नका. डबा खालच्या मजल्यावर, माठाशेजारी, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा आणि दुपारी दोन वाजता स्वतः जाऊन आकडा बघा.