बर्फाचा कण आणि केप्लरचं घर

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय बर्फ पडणाऱ्या एका हिवाळ्याबद्दल, आणि त्या वर्षी एका घरातून गेलेल्या दोन माणसांबद्दल. घर योहानेस केप्लरचं. शाळेत या खगोलशास्त्रज्ञाचे ग्रहांच्या गतीचे ३ नियम आपण सगळ्यांनी पाठ केलेत, ते आज राहू देत बाजूला. आज फक्त तो हिवाळा, १६१० संपून १६११ सुरू होतानाचा, प्राग शहरातला.

तर केप्लर तेव्हा सम्राट रुडॉल्फचा गणिती. पद केवढं मोठं, पण पगार कायम थकलेला, आणि घरात बायको बार्बरा आणि ३ लेकरं, सुझाना, फ्रीडरिश आणि धाकटा लुडविग. नवीन वर्ष तोंडावर आलेलं. दरबारातला एक मित्र होता, वाकर नावाचा, त्याच्याकडून केप्लरला आधार असायचा, त्याला काहीतरी भेट द्यायला हवी आणि द्यायला हातात काही नाही, हाच विचार डोक्यात घेऊन तो व्लटावा नदीवरच्या पुलावरून चाललाय आणि बर्फ पडायला लागला. भुरभुर पडतोय, कोटावर येऊन बसतोय. त्यानं निरखून बघितलं तर प्रत्येक कणाला ६ टोकं. पाच नाहीत, सात नाहीत, सहाच! आता बर्फ त्या गावात दरवर्षी पडतो, पुलावरून रोज शेकडो माणसं जातात, कोट झटकतात आणि पुढे जातात. हा माणूस थांबला. सहाच का, असं त्यानं विचारलं. आणि तो प्रश्न हीच भेट ठरली, एक छोटं लॅटिन पुस्तक, षट्कोनी हिमकणाबद्दल.

मला ते पुस्तक फार आवडतं कारण त्यात तो घरातल्या, बागेतल्या वस्तू घेऊन विचार करत बसतो. डाळिंबाचे दाणे असे दाटीनं का बसतात, मधमाशीचं घर षट्कोनी का, शेंगेतले वाटाणे, एकावर एक रचलेले गोळे. गोळे कमीत कमी जागेत कसे रचायचे याचा त्यानं सहज लिहून ठेवलेला अंदाज सिद्ध व्हायला जवळजवळ ४०० वर्षं लागली, १९९८ मध्ये थॉमस हेल्स यांनी त्याची सिद्धता जाहीर केली. आणि सहाच का, याचं उत्तर? ते केप्लरला मिळालं नाही. पाण्याचे रेणू गोठताना सहाच्या साच्यात एकमेकांना धरतात हे कळायला विसावं शतक यावं लागलं. त्यानं शेवटी सरळ लिहून टाकलं की इथून पुढचं रसायनवाल्यांनी बघावं. उत्तर मिळालं नाही, पण प्रश्न त्यानं सोडला नाही, हे लक्षात ठेवा, कारण पुढे तेच आहे.

बहुतेक लोक ही गोष्ट इथेच थांबवतात. छान आहे ना, पूल, बर्फ, कोट. पण जानेवारीनंतर फेब्रुवारी येतो हो, आणि त्या घरातला फेब्रुवारी कुणी सांगतच नाही, याचा मला राग येतो. मोठ्या माणसांचे शोध आपण सांगतो आणि त्यांचं घर गाळून टाकतो, जसं काही तो माणूस जेवत नव्हता, मुलांच्या उशाशी जागत नव्हता.

थंडीच्या गावात हिवाळ्यात घर कसं असतं बघा. खिडक्या बंद, दारं बंद, सगळे एका ऊबदार खोलीत, कपड्यांवर कपडे चढवलेले आणि धुणं क्वचित, कारण वाळणार कुठे. अशा घरात एकाला झालं की सगळ्यांना. बार्बराला आधी ताप आला, अंगावर चट्टे उठणारा, मग झटके. हा ताप उवांमुळे पसरतो हे १९०९ मध्ये शार्ल निकोल यांनी शोधलं, तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. ती जरा सावरतेय तोच तिन्ही मुलांना देवी आल्या. आज देवीचा रोग जगातून गेलाय, १९८० मध्ये तशी घोषणाच झाली, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर लसीची खूण तेवढी उरलीय. तेव्हा लस नव्हती.

आणि बाहेर काय, तर सम्राटाच्या घरातलं भांडण रस्त्यावर आलेलं. १५ फेब्रुवारीला पासाऊ या जर्मन शहराकडून आलेलं भाडोत्री सैन्य प्रागमध्ये घुसलं, आणि त्याच पुलावर, जिथे तो बर्फ बघत थांबला होता, तिथे माणसं मारली गेली. १९ फेब्रुवारीला फ्रीडरिश गेला. ६ वर्षांचा होता. सुझाना आणि लुडविग वाचले.

आईचा त्याच्यावर फार जीव. ती खचलीच. केप्लरनं लिंझ शहरात नोकरी ठरवली, बायकोला माहेरच्या मुलखाजवळ जाता येईल म्हणूनही ठरवली. जूनमध्ये तिकडून परत आला तर बार्बरा पुन्हा तापानं आडवी. ३ जुलैला तीही गेली. बर्फ जाऊन उन्हाळा आला होता, पण हिवाळ्यात सुरू झालेलं ते असं जुलैपर्यंत चाललं.

इथे थोडं विषय सोडून बोलतो. कुणाच्या घरी असं झालं की आपण भेटायला जातो आणि म्हणतो, देवाची मर्जी. मला वाटतं हे शब्द भेटायला गेलेल्यानं तोंडातून काढूच नयेत. ज्याचं गेलंय तो म्हणू शकतो, त्याचा तो हक्क आहे. आपण नुसतं बसावं, पाणी भरावं, मुलांना सांभाळावं. आणि दुसरं, गेलेल्या लेकराबद्दल लिहून ठेवावं. केप्लरनं मित्रांना पत्रात लिहिलं म्हणून आज चारशे वर्षांनी फ्रीडरिश हे नाव मी घेऊ शकतोय. मोबाईलवरचे मेसेज कोण जपतं, कागदावर लिहा.

आता श्रद्धेचं. केप्लर मनापासून ख्रिस्ती होता, लूथरच्या पंथाचा, तरुणपणी त्याला धर्मशास्त्रच शिकायचं होतं. मूल गेलं, बायको गेली, तरी देव त्यानं सोडला नाही. १६१२ मध्ये सम्राटही वारला आणि केप्लर लिंझला गेला. तिथे काय झालं, तर चर्चच्या पाळकानं त्याला प्रभुभोजन नाकारलं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत सगळे मिळून भाकरी आणि द्राक्षारस घेतात तो विधी. कारण पंथानं आपली श्रद्धा मांडलेल्या लेखातला एक मुद्दा, ख्रिस्ताचं शरीर सगळीकडे असतं हा, त्याला पटत नव्हता, आणि पटत नसताना सही करायला तो तयार नव्हता. नुसती सही केली असती तर सगळ्यांबरोबर त्या मेजाशी बसता आलं असतं. नाही केली. वरच्या मंडळाकडे दाद मागितली, त्यांनीही पाळकाचीच बाजू घेतली. ऐन एकटेपणात हे, बायको जाऊन जेमतेम वर्ष झालेलं, हे मला आजही फार लागतं.

आणि तरी १६१७ मध्ये त्यानं एक छोटी पुस्तिका छापली, घरच्यांसाठी, स्वतःच्या मुलांसाठी. प्रश्नोत्तरांची. विषय होता प्रभुभोजन. ज्याला मेजावरून उठवलं होतं त्यानं आपल्या वाचलेल्या लेकरांना समजावून सांगितलं की तिथे काय असतं आणि तिथे कोणत्या मनानं जायचं.