दोरी सुटली की मशीन बंद: आउटबोर्डचा किल स्विच, घरचा आणि कंपनीचा

(दृश्य: मालवण, दांडी किनारा. वाळूवर ओढलेली फायबरची होडी. आउटबोर्डचं लाल बटण आणि त्याच्या गळ्यात अडकवलेली क्लिप.)

लहान होडीत तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, मागे बसतो आणि एक हात मशीनच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेल्या आउटबोर्ड इंजिनच्या, हँडलवर ठेवतो. आडवी लाट आली, जाळ्याचा हिसका बसला की तोल जातो, हँडल सुटतं. मशीन मात्र चालूच राहते. मोकळं हँडल पंख्याच्या रेट्याने एका बाजूला वळतं आणि होडी गोल फिरू लागते, म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसाकडेच परत येते. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर गिअरमुळे पंख्याचा वेग साधारण निम्मा होतो. तरी पंखा सेकंदाला ४० वेळा फिरतो.

इंग्लंडमध्ये पॅडस्टोजवळ मे २०१३ मध्ये असंच झालं. वेगवान बोटीतून एका कुटुंबातले सहाही जण पाण्यात फेकले गेले. रिकामी बोट गोल फिरत त्यांच्यावर आली आणि दोघांचा जीव गेला. बोटीत किल स्विच होता. या स्विचच्या क्लिपला दोरी असते, दोरीचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायचं; तो पडला की क्लिप निघते आणि मशीन बंद होते. पण ती दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला जोडलेली नव्हती.

(दृश्य: टेबलावर उघडलेला स्विच. आतली स्प्रिंग, दांडी, दोन संपर्क.)

आता आत काय आहे ते पाहू. लहान आउटबोर्डमध्ये ठिणगी मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनच्या फिरण्यातूनच वीज बनवणाऱ्या चुंबकी यंत्राच्या, विजेवर पडते, तिला बॅटरी लागत नाही. ती थांबवायची तर स्टॉपची तार इंजिनच्या धातूला, म्हणजे अर्थला, टेकवायची. यामाहाच्या मशीनमध्ये ही तार पांढरी आणि अर्थची काळी असते. क्लिप जागेवर असताना दांडी बाहेर ओढलेली राहते आणि दोन तारा एकमेकींपासून सुट्या असतात. क्लिप निघाली की स्प्रिंग दांडीला आत ढकलते, तारा जुळतात, ठिणगी बंद.

नीट लक्षात घ्या: इथे तारा जुळल्या तरच मशीन बंद होते. तार तुटली, जोड गंजला, स्प्रिंग अडकली, तर मशीन मजेत चालत राहते. बिघडलेला स्विच आणि चांगला स्विच वरून अगदी सारखे दिसतात. बॅटरीच्या इग्निशनमध्ये उलटं असतं. तिथे पुरवठा तोडून मशीन बंद करतात, म्हणून तार तुटली की मशीन आपोआप थांबते. घरी स्विच बनवणारे अनेकदा इथेच चुकतात. मोटरसायकलीचा किंवा घरातला कुठलातरी स्विच काढून आणतात आणि तो जोडणारा आहे की तोडणारा, हे पाहतच नाहीत. त्याहून वाईट म्हणजे स्टॉपच्या तारेला बॅटरीचे १२ व्होल्ट देतात. त्याने मॅग्नेटोचं इलेक्ट्रॉनिक युनिट जळू शकतं.

(दृश्य: घरगुती नमुने. कपड्यांचा चिमटा, दारावरच्या बेलचं बटण, दांडीला गुंडाळलेली तार.)

घरच्या बनावटीत सगळ्यात हुशार आहे तो कपड्यांचा चिमटा. जबड्यात समोरासमोर दोन तांब्याचे खिळे, प्रत्येकाला एक तार, मध्ये प्लास्टिकची पट्टी आणि पट्टीला दोरी. पट्टी निसटली की खिळे टेकतात. तत्त्व बिनचूक आहे, आणि कोरड्या जागी हा चिमटा चांगला चालतोसुद्धा. खाऱ्या हवेत मात्र चिमट्याची लोखंडी स्प्रिंग गंजून ढिली पडते, खिळ्यांवर हिरवा थर चढतो आणि टेकलेले खिळेही वीज जाऊ देत नाहीत. वरचं प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं ते वेगळंच.

बेलच्या बटणाचं दुखणं जास्त फसवं आहे. चालत्या इंजिनच्या स्टॉपच्या तारेत शंभराहून जास्त व्होल्टचे झटके असू शकतात. बटणात खारी ओल शिरली की ती ओलच थोडी वीज अर्थला नेते. ठिणगी अशक्त होते, मशीन सुरू व्हायला त्रास देते, चालताना अडखळते. मग कार्बुरेटर साफ होतो, प्लग बदलले जातात. शेवटी कुणीतरी स्टॉपची तार काढून टाकतो आणि मशीन झकास चालू लागते. होडी त्या दिवसापासून किल स्विचशिवाय समुद्रात जाते. कमअस्सल स्विचचा हा परिणाम आमच्या मते सर्वांत घातक आहे.

दांडीखाली तार गुंडाळणं किंवा प्लास्टिकच्या नळीचा तुकडा कायमचा अडकवणं याला घरचा स्विच म्हणू नये. ते स्विच बंद पाडणं आहे. क्लिप हरवली म्हणून एका दिवसापुरतं केलेलं असतं आणि तेच पुढच्या नारळीपौर्णिमेपर्यंत राहतं.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: स्विच आणि क्लिप आपल्याच मशीनच्या कंपनीची घ्या. रबरी टोपी, सीलबंद संपर्क आणि न गंजणारी स्प्रिंग, या तीन गोष्टी घरी जमत नाहीत. क्लिपचा आकारही कंपनीगणिक बदलतो. दुसऱ्या कंपनीची क्लिप बसली तरी ढिली बसते किंवा ओढल्यावर निघत नाही.

(दृश्य: हात वायरिंग करताना.)

वायरिंग मात्र घरी करायला हरकत नाही. पाती काढलेल्या लॉनमोवरच्या शर्यती इंग्लंडमध्ये १९७३ पासून होतात. त्यांतही चालकाच्या अंगाला अशीच दोरी असते, पण त्या गाडीचा सांगाडा लोखंडी असल्याने एक तार स्विचला आणि अर्थ सांगाड्याला, एवढ्यात काम भागतं. आपली होडी फायबरची किंवा लाकडाची. दोन्ही तारा इंजिनपर्यंत न्याव्याच लागतात. अर्थ इंजिनच्या ब्लॉकला द्या आणि बोल्टखालचा रंग खरवडून काढा. कथिलाचा मुलामा असलेली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरा. घरातली साधी तार आवरणाच्या आत काळी पडत जाते आणि बाहेरून कळत नाही. पिळून टेप गुंडाळलेला जोड चालणार नाही. टोकाला क्रिंप करा, म्हणजे धातूचं टोक पकडीने दाबून बसवा, त्यावर आतून गोंद असलेली नळी गरम करून आवळा. तारेला स्विचच्या खाली एक झोल ठेवा, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल, स्विचमध्ये उतरणार नाही.

दोरी तंगुसाची, म्हणजे मासेमारीच्या नायलॉनच्या धाग्याची, नको. तंगूस आधी ताणतं, मग क्लिप ओढतं. लांबी बसायच्या जागेवरून ठरवा: माणूस काठाबाहेर जाण्याआधी ती ताठ झाली पाहिजे. मांडीला किंवा लाइफ जॅकेटच्या भक्कम कडीला बांधा. चड्डीच्या नाडीला बांधलेली दोरी क्लिपऐवजी नाडीच सोडवते. जाळी ओढताना दोरी अडकते ही तक्रार खरी आहे. पण जाळी ओढताना मशीन बंदच असावी, मग अडकण्याचा प्रश्न येत नाही.

(दृश्य: ओहोटीचं पाणी, मशीन न्यूट्रलमध्ये.)

तपासणी रोज, निघण्याआधी. न्यूट्रलमध्ये मशीन सुरू करा आणि लाल बटण न दाबता दोरीच ओढा. एक-दोन सेकंदांत मशीन बंद झाली पाहिजे. मग क्लिप न लावता सुरू करून पाहा, ती सुरू होता कामा नये. महिन्यातून एकदा मशीन बंद ठेवून, स्विचच्या दोन्ही तारा सुट्या करून त्यांवर मल्टिमीटर लावा. क्लिप लावलेली असताना मीटरने काहीच दाखवू नये, काढल्यावर शून्याच्या जवळ ओहम यावेत. काटा अधेमधे घुटमळला तर आत ओल आहे. किनाऱ्यावर आलात की गोड्या पाण्याने स्विच धुवा आणि दांडी चार-पाच वेळा आतबाहेर करा.

दुसरी क्लिप होडीतच ठेवा, हाताशी पण स्विचबाहेर. तांडेल पाण्यात पडला तर क्लिप त्याच्याबरोबर जाते. मशीन सुरू करून त्याला आणायला उरलेल्या खलाशाला ती लागते. दहा नॉटच्या वेगात होडी सेकंदाला पाच मीटर पुढे जाते, तेव्हा क्लिप शोधत बसायला वेळ नसतो.

एक गोष्ट मात्र स्विचच्या हातात नाही. तापलेलं, कार्बन धरलेलं टू-स्ट्रोक इंजिन ठिणगी नसतानाही फडफडत चालू राहू शकतं. तेव्हा चोक पूर्ण ओढा. नुसती इंधनाची नळी काढून भागत नाही, कारण कार्बुरेटरमध्ये उरलेल्या इंधनावर इंजिन थोडा वेळ चालतंच.