टाळ लोकांच्या हातात

(दृश्य: रविवारची सकाळ. दगडी चर्चचं दार उघडतं. बाकांवर उन्हाच्या पट्ट्या. पेटीचा भाता हलतो.)

उपासना सुरू झाली आहे. पुढे सहाजण माईकवर गात आहेत. बाकांमध्ये शंभर माणसं उभी आहेत, हातात गीतपुस्तक आहे, ओठही हलत आहेत, पण आवाज ऐकू येतो तो फक्त स्पीकरचा.

आमच्या उपासनेत आनंद राहिला नाही, ही तक्रार मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, नेहमी ऐकू येते. त्यावरचे उपायही ठरलेले: नवा साउंड सिस्टीम, ड्रमसेट, गिटार, पडद्यावर शब्द. पैसा खर्च होतो, आवाज वाढतो आणि वर्षभरानं बाकांवरची माणसं पूर्वीपेक्षाही गप्प होतात. गाणं त्यांच्याकडून निसटलेलं असतं. ते त्यांना परत कसं द्यायचं, हे या चित्रफितीत पाहू.

(दृश्य: जुन्या पोथीची पानं. ओव्या.)

मराठीत ख्रिस्ताची कथा गाण्याची रीत चारशे वर्षांपूर्वीची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! रविवारी आणि सणांच्या दिवशी लोक जमून ते गात. इथला माणूस पुराण ऐकतो ते गात गात, हे त्या इंग्रज जेझुइटाला, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूला, नेमकं कळलं होतं.

पुढे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. नंतर आले नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, ९ मे १९१९ ला ते गेले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळीच्या तोंडी अभंग, पदं आणि भजनं दिली. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात आजही त्यांची शंभराहून जास्त गीतं आहेत. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. त्यांच्या गीतांचा ताल धरला की हे पटतं.

(दृश्य: फळ्यावर खडूनं लिहिलेली ओळ. बोट एकेका अक्षरावर.)

इंग्रजी चालीवर बसवलेली भाषांतरित गीतं अडखळतात कुठे? त्यांतल्या बऱ्याच चाली हलक्या ठोक्यावर सुरू होतात आणि जोर दुसऱ्या अक्षरावर येतो. तिथे 'येशू' हा शब्द आला की 'ये' गिळला जातो आणि 'शू'वर आघात पडतो. ओळीच्या शेवटी लांबवायचा सूर असतो आणि नेमका तिथे विभक्तीचा प्रत्यय येऊन बसतो. मग शंभर माणसं 'ने' किंवा 'ला' चार मात्रा ओढत राहतात. अर्थ एकीकडे, सूर दुसरीकडे. गाणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्याची जीभ अडते आणि तो हळू होतो. रेंगाळलेली उपासना अनेकदा अशी सुरू होते.

आता मोठा अभंग पाहा. सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. नमुन्यासाठी रचलेली ही ओळ:

उघडली दारे । पहाट ही झाली ।
मंडळी ही आली । गात गात ॥

मोजून पाहा. चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा आहे, आणि तिथेच श्वास घ्यायला जागा मिळते. त्या जागेत टाळ वाजतो. लहान मूलसुद्धा ही ओळ दुसऱ्या खेपेला म्हणतं, कारण तिचा साचा त्यानं आजीच्या तोंडून आधीच ऐकलेला असतो.

म्हणून जुनी भाषांतरित गीतं फेकून द्यायची का? मुळीच नाही. किती घरांत ती मृत्युशय्येशी गायली गेली आहेत. पण उपासनेचं पहिलं गीत अभंग किंवा भजन असावं. आवाज एकदा मोकळा झाला की पुढचं कोणतंही गीत सोपं जातं.

(दृश्य: पेटीच्या पट्ट्या जवळून.)

आता पट्टी, म्हणजे गीताचा षड्ज ('सा') पेटीच्या कोणत्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर धरायचा ते. मंडळी गप्प होण्याचं सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण हेच आहे. मुख्य गायिका आपल्या सोयीनं काळी चार घेते. तिला ती शोभते, पण अंतऱ्यात तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, बाकीच्या बायका गळा आवळतात आणि पुरुष खालच्या सप्तकात उतरावं की वरच राहावं या गोंधळात थांबतात.

ज्या चालीचा विस्तार मंद्र पंचम (खालचा 'प') ते तार षड्ज एवढा आहे, तिला पांढरी दोन घ्या. खालचा सूर पांढरी सहावर येतो, वरचा पांढरी दोनवर. बायका या टप्प्यात सहज गातात, पुरुष त्याच सुरांना एक सप्तक खाली. चाल तार गंधारापर्यंत (वरच्या 'ग'पर्यंत) चढत असेल तर षड्ज काळी पाचवर उतरवा. लक्षात ठेवायचं एवढंच: गीतातला सर्वांत वरचा सूर वरच्या पांढरी दोनच्या पुढे जाऊ नये. गायकाला हे थोडं खाली वाटेल. वाटू द्या, गायचं सगळ्यांना आहे.

लयीचंही तसंच. भजनी ठेका किंवा केरवा, दोन्ही आठ मात्रांचे. सुरुवात मिनिटाला ८० मात्रांच्या आसपास करा, दोन कडवी तिथेच राहा, मग ध्रुवपदावर हळूहळू ११० पर्यंत चढा. नेहमीची चूक अशी, की तबलजी पहिल्याच ओळीला १२० वर जातो. वयस्कर मंडळींचा श्वास तिसऱ्या ओळीला संपतो आणि चढायला जागाच उरत नाही. वारकऱ्यांचं भजन ऐका. ते संथ सुरू होतं, गजराला वेग येतो आणि तो वेग गाणाऱ्यांनी कमावलेला असतो.

उंच छताच्या दगडी चर्चमध्ये आणखी एक अडचण. तिथे आवाज दीड-दोन सेकंद घुमतो. १२० च्या लयीत अर्ध्या सेकंदाला एक टाळी पडते, म्हणजे एक टाळी विरायच्या आत पुढच्या तीन पडलेल्या असतात. सगळा गलबला होतो आणि शब्द बुडतात. अशा इमारतीत ९५ च्या पुढे जाऊ नका, डग्ग्याचा माईक काढून टाका, आणि टाळ्या फक्त पहिल्या व पाचव्या मात्रेला ठेवा.

(दृश्य: कापडी पिशवीतून टाळ बाहेर येतात. बाकांवर हातोहात फिरतात.)

आता टाळ. शंभर माणसांच्या मंडळीला पाच-सहा जोड्या पुरतात. त्या पुढे गायनमंडळीकडे ठेवू नका, मधल्या आणि मागच्या बाकांवर द्या. ताल पुढून येतो तेव्हा मागचे लोक ऐकणारे होतात. तोच ताल शेजारून येऊ लागला की हात आपोआप हलतो. ज्यांना टाळ द्यायचे त्यांच्याशी आधी अर्धा तास बसा. टाळ घट्ट मुठीत धरला तर तो ठप्प वाजतो. दोरी बोटांत सैल हवी. एका जोडीची लय सुटली तर सगळी सभा सुटते, म्हणून नवशिक्या माणसाला जाणत्याशेजारी बसवा.

गायनमंडळीचे सहा माईक बंद करा. एकच माईक, तोही ओळ सांगणाऱ्यापुरता. त्यानं ओळ म्हणायची, सगळ्यांनी मागे म्हणायची. सगळे म्हणत असताना त्यानं माईकपासून तोंड बाजूला घ्यायचं. ही सवय लागायला दोन महिने लागतात, कारण स्वतःचा आवाज ऐकण्याचा मोह मोठा असतो. ओळ मागे म्हणण्याच्या पद्धतीत पुस्तक लागत नाही, पडदा लागत नाही, चष्मा विसरलेली आजीही गाते.

नवं गीत महिन्याला एकच. पहिल्या रविवारी लोक आत येताना गायनमंडळीनं ते नुसतं गावं. दुसऱ्या रविवारी उपासनेआधी पाच मिनिटं फक्त ध्रुवपद शिकवावं. तिसऱ्या रविवारी पूर्ण गीत, चौथ्या रविवारी पुन्हा तेच. एका रविवारी तीन नवी गीतं आणली तर मंडळी तिन्ही विसरते.

(दृश्य: पाळक पुस्तक उघडतात. सूचनांचा कागद बाजूला ठेवला जातो.)

गाणं सुधारलं, तरी उपासनेचा क्रम चुकला तर आनंद तिथे अडतो. पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, होतो, क्षमेचं वचन वाचलं जातं आणि लगेच दहा मिनिटं सूचना: महिला मंडळाची सभा, छपराची वर्गणी. क्षमा मिळाल्याच्या क्षणी माणसाला गावंसं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच त्याला खाली बसवलं जातं. सूचना उपासना सुरू होण्याआधी उरका. क्षमेच्या वचनानंतर एक शब्दही न बोलता पेटीनं सूर द्यावा.

प्रभुभोजनाचंही, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचंही, पाहा. अनेक ठिकाणी त्या वेळी सगळी गीतं वधस्तंभाची आणि विलंबित लयीची असतात. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय, ४६ वं वचन सांगतं की पहिली मंडळी घरोघरी भाकर मोडून हर्षानं जेवत असे. भाकर घेताना वधस्तंभाचं गीत जरूर असावं. सगळे जागेवर परतले की मात्र पुनरुत्थानाचं गीत उभं राहून गावं.

उभं राहण्यालाही इतिहास आहे. इ. स. ३२५ मध्ये बिशपांच्या निकीया इथल्या परिषदेनं विसावा नियम केला: रविवारी आणि ईस्टरपासून पन्नासाव्या दिवसाच्या, म्हणजे पेंटेकॉस्टच्या, सणापर्यंतच्या काळात प्रार्थना गुडघे टेकून न करता उभ्यानं करावी. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस मोजतानाही रविवार वगळतात. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस भरतात शेहेचाळीस, त्यांतले सहा रविवार.

आणि आपण काय करतो? चाळीस दिवस उपवास पाळतो आणि ईस्टर एका सकाळीत संपवतो. पुढच्या रविवारी फुलं नाहीत, गजर नाही, बाक अर्धे रिकामे. वास्तविक सण पन्नास दिवसांचा आहे. ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत दर रविवारी पहिलं गीत पुनरुत्थानाचंच ठेवा. एक रविवार मुलांच्या हाती द्या, एका रविवारी कीर्तन करा. चाळीस मिनिटं पुरतात: चार मिनिटं नमन, बारा मिनिटं वचनावर पूर्वरंग, पाच मिनिटं नामाचा गजर, पंधरा मिनिटं आख्यान, चार मिनिटं प्रार्थना. आख्यानाला हरवलेल्या मुलाची गोष्ट घ्या. तीत वाद्यं आहेत, नाच आहे, मेजवानी आहे, आणि बाहेर रुसून उभा राहिलेला थोरला भाऊही आहे. तो भाऊ प्रत्येक मंडळीत असतो. कीर्तनकारानं त्याला चेष्टेचा विषय करू नये, बाप त्याच्यासाठीही बाहेर आला होता.

(दृश्य: मागच्या बाकावर एकटी बसलेली बाई. कॅमेरा दूरच राहतो.)

ज्या घरात गेल्या आठवड्यात मृत्यू झाला, ते घरही रविवारी इथेच येतं. 'हात वर करा, हसा, शेजाऱ्याला मिठी मारा' असे पुढून हुकूम सुटले की त्या घरातली माणसं पुढच्या रविवारी येत नाहीत. स्तोत्र १३ वाचा. अवघी सहा वचनं. 'कोठवर?' या प्रश्नानं ते सुरू होतं आणि गाण्यावर संपतं. हाच क्रम उपासनेत ठेवता येतो: आधी एक आळवणी, एकट्या आवाजात, टाळाशिवाय, मग मिनिटभर शांतता, आणि त्यानंतर भजन. ज्याला गाता येत नसेल त्यानं बसून राहावं. त्याच्या वाटचं शेजारचा गातो.

(दृश्य: पुन्हा तीच बाकं, तीच सकाळ. आशीर्वाद झाला आहे.)

शेवटच्या गीताच्या शेवटच्या ध्रुवपदाला पेटी थांबवा, तबला थांबवा, माईक बंद करा. फक्त गळे आणि टाळ राहू द्या. सुरुवातीला पहिल्या ओळीला आवाज दचकून खाली जातो. घाबरून पेटी पुन्हा सुरू करू नका. दुसऱ्या ओळीपर्यंत थांबा.

(पेटी थांबते. एक क्षण काहीच नाही. मग मागच्या बाकांवरून टाळ, आणि त्यावर शंभर आवाज.)