भिंगामागची जाळी, लेझर आणि डोळ्याचा पडदा

(दृश्य: सावदा-रावेर रस्ता, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. संध्याकाळ.)

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात. तेव्हा लख्ख दिसायला लागलेलं असतं. आता पुन्हा समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा दिवा फाकतो, पासबुकातले आकडे पुसट होतात. "डोयापुढे धुकं येस," आजोबा सांगतात, आणि घरचे ठरवून टाकतात की मोतीबिंदू परत आला.

तो परत येत नाही. ऑपरेशनमध्ये गढूळ भिंग काढतात, पण ते ज्या पातळ पिशवीत असतं ती मागं ठेवतात, कारण कृत्रिम भिंग तिच्यातच बसवायचं असतं. पिशवीला चिकटून राहिलेल्या पेशी पुढं वाढत जातात आणि तिची मागची बाजू धुरकट करतात. दवाखान्यात म्हणतात, जाळी आली.

(दृश्य: तपासणीची खोली. हनुवटी टेकवून बसलेल्या आजी.)

जाळीवर उपाय म्हणजे याग लेझर. पॅरिसच्या दानिएल आरों-रोझा आणि स्वित्झर्लंडचे फ्रान्झ फांखाउझर यांनी १९८० च्या सुमारास तो डोळ्यासाठी वापरात आणला. त्याआधी ही पिशवी डोळ्यात हत्यार घालूनच उघडावी लागे. आता थेंब घालून बाहुली मोठी करतात, टिकटिक असा आवाज येतो, पिशवीत मधोमध खिडकी उघडते. दुखत नाही, पट्टी नाही, काही मिनिटांत काम होतं. आणि इतकं सोपं असल्यामुळंच पुढच्या तपासणीला कुणी येत नाही.

खिडकी उघडली की डोळ्याच्या मागच्या भागात एक बदल होऊ शकतो. तिथं व्हिट्रियस नावाचा पारदर्शक, दाट रस भरलेला असतो. पिशवी ही त्याच्यापुढची आडभिंत. तिला भोक पडलं की हा रस हलतो, पुढं सरकतो, आणि पडद्याला, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेल्या, उजेड टिपणाऱ्या पातळ थराला, जिथं घट्ट चिकटलेला असेल तिथं ओढ देतो. ओढीनं पडदा फाटला, तर त्या फटीतून पाणी मागं शिरतं आणि ओल लागलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो.

असं क्वचितच होतं. शंभरांत एखाद्याला, तेही काही वेळा लेझरनंतर महिन्यांनी, वर्षांनी. त्यातला दोष लेझरचा किती आणि आधीच्या ऑपरेशनचा किती, यावर तज्ज्ञांमध्येही वाद आहे. मात्र ज्यांचा चष्म्याचा मायनस नंबर मोठा होता, ज्यांच्या पडद्याची कड आधीच पातळ आहे, किंवा ज्यांचा दुसऱ्या डोळ्याचा पडदा पूर्वी सुटला होता, त्यांनी जपायलाच हवं.

दुसरा त्रास पडद्याच्या मध्यभागी येणाऱ्या सुजेचा. यात दाराची सरळ चौकट वाकडी दिसते, समोरच्याचा चेहरा मधोमध पुसट होतो. मधुमेह असेल तर हा धोका जास्त. पुष्कळदा थेंबांनी सूज उतरते, पण आधी ती कुणी पाहिली पाहिजे ना! म्हणून जाळी थोडीच असेल आणि रोजची कामं अडत नसतील, तर लेझरची घाई करू नये, असं आमचं मत.

(दृश्य: कपाशीचं शेत, वेचणी चालू.)

लेझरनंतर काही दिवस डोळ्यापुढं काळे ठिपके तरंगतात. ते पिशवीचे तुकडे, हळूहळू कमी होतात. पण ठिपक्यांचा अचानक पाऊस पडला, अंधारात डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं, किंवा एका बाजूनं काळी सावली चढू लागली, तर त्याच दिवशी निघायचं. पडदा सुटताना दुखत नाही, आणि खरी अडचण तीच. न दुखणाऱ्या डोळ्यासाठी वेचणी सोडून कोण जाईल? धडगावसारख्या सातपुड्यातल्या गावाहून घाट उतरून नंदुरबारला यायचं, तर अख्खा दिवस मोडतो. मग बाजाराच्या दिवशी जाऊ, असं ठरतं.

नुसती फट असेल तर तिच्याभोवती दुसऱ्या प्रकारच्या लेझरनं डाग देऊन ती बंद करता येते. पडदा सुटला की मोठं ऑपरेशन, डोळ्यात वायू किंवा सिलिकॉन तेल, आणि पुष्कळदा कित्येक दिवस मान खाली घालून राहणं. सावली मध्यापर्यंत पोचण्याआधी ऑपरेशन झालं, तर नजर वाचण्याची शक्यता बरीच चांगली.

निघताना मोतीबिंदूचा आणि लेझरचा कागद सोबत घ्या. पडद्याचे डॉक्टर कुठं मिळतील, हे फोन करून आधी विचारा. आणि तिथं बाहुली मोठी करणार आहेत, तेव्हा मोटारसायकल दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.