भेगेला जागा नेमून द्या

श्रोते हो, नमस्कार.

गावाकडचा खड्ड्यांचा हायवे उखडून काँक्रीटचा करायला घेतला की एक तक्रार ठरलेली. "रस्ता टणक दिसतोय, मग अजून बंद का?" अहो, घराचा स्लॅब टाकल्यावर आपण पाणी मारत बसतोच ना? तेच इथे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. वर ओलं गोणपाट हवं, निदान 14 दिवस. ताकदीची चाचणी 28 व्या दिवशी. पुन्हा सांगतो, वाळवायचं नाही, ओलं ठेवायचं. हल्ली साइटवर पाणी कमी मारतात आणि फोटो जास्त काढतात. असो.

मी कामावर नवा होतो तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी काँक्रीट ओतून झालं. आता दर साडेचार मीटरला कटरने आडवा काप घ्यायचा, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका खोल, आणि तोही काही तासांतच. रात्री अकराला आमचा कटर बंद पडला. मुकादम म्हणाले, "साहेब, दुसरा मागवा." मी म्हटलं, सकाळी बघू. आणि ट्रकच्या केबिनमध्ये ताणून दिली.

पहाटे मुकादमांनी दार वाजवलं. बोलले काहीच नाहीत. हातात बॅटरी दिली आणि पुढे चालू लागले. एका जागी थांबून म्हणाले, "उजेड आडवा टाका." टाकला. केसाएवढी भेग, या कडेपासून त्या कडेपर्यंत, नागमोडी. बोट फिरवलं तर हाताला लागेना, पण नजरेतून हटेना.

"काँक्रीट आकसतं साहेब, भेग पडणारच. आपण कापून तिला जागा नेमून द्यायची. तुम्ही झोपलात, तिनं आपली जागा शोधली."

तो तुकडा ब्रेकरने फोडून काढायला दोन दिवस लागले. दोन्ही दिवस मुकादमांनी मला तिथंच उभं केलं.

जुन्या डांबरावरच काँक्रीटचा थर द्यायचा असला तरी वेळेचा नियम तोच. काप वेळेवर. खालचं डांबर मात्र पक्कं हवं. नंतर कापात रबरासारखा लवचीक मसाला भरायचा, म्हणजे पाणी खाली मुरत नाही.

त्या रस्त्यानं अजून जातो. बदललेला तुकडा बाकीच्यांपेक्षा जरा पांढरा आहे. बायकोला दरवेळी दाखवतो. तिला तो कधीच दिसत नाही.