ओली तूर

(यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात दाळ गिरणी चालवणाऱ्या शेतकरी महिलेने दिलेले व्याख्यान, संपादित)

सरांनी आत्ता माझी ओळख करून देताना 'संकटातून उभ्या राहिलेल्या उद्योजिका' असं म्हटलं. गावात मला 'दाळवाली वहिनी' म्हणतात, तेच बरं वाटतं. आणि संकटाचं म्हणाल, तर आमच्याकडे ते एकट्याच्या घरी येत नाही, अख्ख्या तालुक्यात फिरतं.

२०१५ मध्ये तूरदाळ दुकानात २०० रुपये किलोपर्यंत गेली होती. तुम्ही पोरं तेव्हा शाळेत असाल. तो भाव पाहून पुढच्या खरिपात जो तो तूर पेरत सुटला, पाऊसही चांगला झाला. आदल्या साली देशात २५ लाख टनांच्या आसपास झालेली तूर २०१६-१७ मध्ये ४८ लाख टनांच्या घरात गेली. हमीभाव बोनससकट क्विंटलला ५०५० रुपये, अन् व्यापारी आम्हाला मागत होता ३८००. मग लागलो खरेदी केंद्राच्या रांगेत. कधी बारदाना नाही, कधी गोदाम भरलेलं. ट्रॅक्टरचं भाडं चढत होतं म्हणून माल खाली उतरवून ढीग लावला, अन् मे महिन्यात एका संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. १४ क्विंटल भिजली. ओली तूर केंद्र घेत नाही, व्यापारी हात लावत नाही.

हे ढिगाकडे पाठ करून बसले होते. मी रडत होते. सासूबाई म्हणाल्या, "काहून रडतं वो? भरडाच्या आंधी आपण तुरीले पाणीच तं लावतो."

तुरीचं टरफल दाळीला डिंकानं चिकटवल्यासारखं असतं. हरभऱ्याचं पटकन सुटतं, तुरीचं नाही. पाणी मुरलं की दाणा फुगतो, उन्हात वाळताना आतली दाळ आकसते अन् टरफल ढिलं पडतं. आमच्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हाबद्दल तुम्हाला काय सांगू! चार दिवस सगळं अंगण, गच्ची, शेजाऱ्याचं खळंसुद्धा तुरीनं भरलं. दोन क्विंटलला बुरशी लागली, ती फेकली. थोडी घरी जात्यावर भरडून पाहिली. बाकीची शेजारच्या गावातल्या बचत गटाकडे नेली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी दाळ मिल त्यांच्याकडे होती.

क्विंटलमागे ७० किलो दाळ पडली. दारोदार ७० रुपयांनी विकली, म्हणजे ४९०० झाले. भरडाई अन् ने-आण वजा करूनही ३८०० पेक्षा जास्तच उरले, चुनीचे, म्हणजे भरडताना निघणाऱ्या चुऱ्याचे, पैसे वेगळे. हा हिशेब मी वहीत तीनदा मांडला. इतकी वर्षं आम्ही आख्खी तूर विकायचो अन् किराणा दुकानातून दाळ विकत आणायचो, तुरीच्या वावरात राहून! त्याची मला त्या दिवशी लाज वाटली.

पुढचं थोडक्यात सांगते. बँकेत विचारलं, सातबारा कुणाच्या नावावर? ह्यांच्या, अन् त्यावर पीककर्ज थकलेलं. विषय संपला. मग गटातून कर्ज, दोन बकऱ्या अन् कानातलं, यातून जुनी मशीन आली. पहिला माल दुकानदारानं परत पाठवला, चमकत नाही म्हणून. तीच दाळ आता 'बिनपॉलिशची' अशी चिठ्ठी लावून नागपुरात जास्त भावानं जाते. पहिल्या वर्षीच्या नफ्यातून मी ताडपत्र्या घेतल्या. कशासाठी, ते तुम्हाला समजलंच असेल.

मला नेहमी विचारतात, संकटानं काय शिकवलं? संकटानं काही शिकवलं नाही हो. त्यानं तूर भिजवली. शिकवलं सासूबाईंनी, अन् त्यांना ते चाळीस वर्षांपासून येत होतं. आम्हीच कधी विचारलं नव्हतं, पुड्यातली दाळ आणायला लागलो तेव्हापासून जातं माळ्यावर पडलं होतं.

त्या रांगेत आमच्या मागंच गावातल्या एका भाऊंचा ढीग होता. पाऊस तोच, तूरही आमच्याइतकीच. मेहनतीत ते आमच्यापेक्षा काकणभर जास्तच. त्यांनी भिजलेली तूर मिळेल त्या भावात काढली अन् त्या साली दोन एकर विकले. आता दर हंगामात ते माझ्याकडे तूर भरडायला आणतात. मागं एकदा मशीन चालू असताना बोलता बोलता म्हणाले, जातं आमच्या घरीही होतं, पण म्हातारी दोन वर्षं आधीच गेली होती.