दहा शब्दांची दुरुस्ती

मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय 'डॉब्स निकालानंतरची सार्वमतं'. डॉब्स म्हणजे गर्भपाताचा हक्क संविधानात नाही असं सांगणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2022चा निकाल. तिथवर मी येणारच आहे. पण आधी 1983 सालात जाऊ या. अमेरिकेतल्या कॅथलिक जीवनवादी, म्हणजे गर्भपातविरोधी, चळवळीचं जुनं दुखणं तिथं आहे. ते पाहिल्याशिवाय 2022 साली कॅन्ससमध्ये काय चुकलं ते नीट उमगत नाही.

गर्भपाताचा हक्क संविधानात आहे असं सांगणारा 'रो विरुद्ध वेड'चा निकाल 22 जानेवारी 1973चा, हे तुम्हाला सांगायला नको. पुढच्या वर्षी मार्चमध्ये चार कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षीला गेले. मागणी स्वच्छ होती: गर्भातल्या जिवाला संविधानानंच संरक्षण द्यावं, प्रश्न राज्यांवर सोपवू नये. एका राज्यात जीव आणि शेजारच्या राज्यात जीव नाही, असं कसं चालेल? तत्त्व म्हणून यात खोट काढता येत नाही. पण संविधानदुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात आणि वर 50 पैकी 38 राज्यांची मान्यता. तेवढं संख्याबळ त्या वेळी चळवळीकडे नव्हतं, आजही नाही.

बिशपांना हे कळत होतं. नोव्हेंबर 1975मध्ये त्यांनी आराखडा काढला: प्रत्येक काँग्रेस मतदारसंघात नागरिकांचा एक गट असावा आणि तो चर्चच्या पैशावर किंवा हुकमावर चालू नये. धर्मग्रामाच्या (स्थानिक चर्चच्या) खर्चानं उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, करसवलत जाते, म्हणून ही भिंत मुद्दाम बांधलेली होती. ती आजही उपयोगी पडते. सार्वमताच्या प्रश्नावर मात्र चर्च उघडपणे पैसा देऊ शकतं.

आता मूळ भांडणाकडे येतो, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे. 1981 साली युटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांनी दुरुस्ती मांडली: संविधान गर्भपाताचा हक्क देत नाही, काँग्रेस आणि राज्यं दोघांनाही बंधनं घालता येतील आणि ज्याचा कायदा जास्त कडक तो चालेल. त्याच नोव्हेंबरमध्ये बिशपांनी तिला पाठिंबा दिला. सात वर्षांपूर्वी राज्यांचा मार्ग नाकारणारी हीच मंडळी! झालं, घर फुटलं. नॅशनल राइट टू लाइफ या गर्भपातविरोधी संघटनेत काठावरचा कौल. अमेरिकन लाइफ लीग या दुसऱ्या संघटनेचा सरळ विरोध: राज्यांना परवानगी देणं म्हणजे जिवाचा सौदा. तिकडे चळवळीतलेच सिनेटर जेसी हेल्म्स यांचं वेगळंच विधेयक, दुरुस्ती नको, साध्या बहुमतानं जिवाची व्याख्या करू. सप्टेंबर 1982मध्ये ते 47 विरुद्ध 46, एका मतानं बाजूला सारलं गेलं.

मग 28 जून 1983 उजाडला. हॅच आणि मिसुरीचे कॅथलिक डेमोक्रॅट टॉम ईगलटन यांनी मजकूर छाटून इंग्रजीत दहा शब्दांवर आणला. मराठीत सांगायचं तर 'या संविधानाने गर्भपाताचा हक्क दिलेला नाही', एवढंच. बाजूनं 49, विरोधात 50. हेल्म्स यांनी नुसती हजेरी लावली, मत दिलंच नाही. हवी होती 67. त्या दिवशी ती मिळणार नव्हतीच, हे खरं. पण चळवळीतल्याच माणसानं हात वर केला नाही याचा सल मला आजही टोचतो. त्या दहा शब्दांत जे होतं तेच सर्वोच्च न्यायालयानं 24 जून 2022ला दिलं, 39 वर्षांनी. 'सर्व किंवा काहीच नाही' म्हणणाऱ्यांना मधली वर्षं कुणी परत देणार आहे?

आणि हे धर्मतत्त्वाच्या विरुद्धही नव्हतं. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या 1995च्या 'एव्हान्जेलियम व्हिटे' या परिपत्राचा 73वा परिच्छेद घरी जाऊन वाचा. कायदा पूर्ण रद्द करता येत नसेल, तर ज्या लोकप्रतिनिधीचा गर्भपाताला विरोध सर्वांना ठाऊक आहे, त्यानं हानी कमी करणाऱ्या प्रस्तावाला पाठिंबा देणं योग्य ठरतं. काँग्रेसचे सदस्य हेन्री हाइड यांनी 1976पासून हेच केलं. मेडिकेड या गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेतून गर्भपाताला मिळणारा सरकारी पैसा थांबवला, 1980मध्ये न्यायालयात 5-4नं ते टिकलं आणि दरवर्षी खर्चाच्या विधेयकाला जोडून आजवर चालू राहिलं.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा सार्वमतं झटपट घेतो. आपल्याकडे गर्भपाताचा 1971चा कायदा काय आणि 2021ची दुरुस्ती काय, दोन्ही संसदेतच झाल्या, त्यामुळे आपल्याला याची सवय नाही.

कॅन्सस, 2 ऑगस्ट 2022. प्रश्न असा: राज्याच्या संविधानात गर्भपाताचा हक्क नाही, अशी दुरुस्ती करायची का? पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीचा दिवस निवडला, कारण तेव्हा मतदान कमी होतं. पण कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेल्या मतदारांना या प्रश्नावर मत देता येत होतं आणि ते आले. एकूण 9 लाखांहून जास्त मतं पडली, 59 विरुद्ध 41 टक्क्यांनी दुरुस्ती पडली. कॅन्सस सिटीच्या आर्चडायोसिसनं (कॅथलिक महाधर्मप्रांतानं) दुरुस्तीच्या बाजूनं 20 लाखांहून जास्त डॉलर दिले होते. खरी अडचण मजकुरात होती. लांबलचक वाक्य, त्यात बलात्कार, रक्ताच्या नात्यातले अत्याचार आणि आईचा जीव यांचा उल्लेख, पण क्रियापद 'कायदे करू शकेल' असं. 'करेल' असं नाही. पुढचा कायदा कोणता, हे कुणी दाखवलं नाही. आणि रस्ता ओलांडला की मिसुरी, जिथं 24 जूनलाच बंदी लागू झाली होती, तीही बलात्काराचा अपवाद न ठेवता. आया-बायांनी त्या रस्त्याकडे बघून मत दिलं. त्यांची भीती खोटी म्हणून झटकता येणार नाही.

ओहायोत ऑगस्ट 2023मध्ये राज्याच्या संविधानदुरुस्तीला लागणाऱ्या मतांची मर्यादा 60 टक्क्यांवर न्यायचा प्रयत्न झाला. वेळ इतकी उघड होती की लोकांनी हेतू ओळखला, प्रस्ताव पाडला आणि नोव्हेंबरमध्ये गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती मंजूर केली. फ्लोरिडात हीच मर्यादा 2006पासून होती, या वादाशी तिचा संबंध नव्हता. म्हणून 2024मध्ये विरोधकांना 57 टक्के मिळूनही ते हरले. म्हणजे तो बांध होता, जनमत नव्हे. त्यावर विसंबू नका.

आणि नेब्रास्का, 2024. तिथं मतपत्रिकेवर दोन प्रश्न होते. हक्काच्या प्रश्नाला नुसता 'नको' म्हणण्याऐवजी स्वतःचा प्रश्न ठेवला: पहिल्या तीन महिन्यांनंतर बंदी, आणि वैद्यकीय आणीबाणी, बलात्कार, नात्यातला अत्याचार हे अपवाद मजकुरातच लिहिलेले. सुमारे 55 टक्क्यांनी तो जिंकला आणि समोरचा पडला. 1974च्या कार्डिनलांना हा मजकूर पसंत पडला नसता. हॅच यांनी मात्र त्यावर सही केली असती, असं मला वाटतं.